मंगेशीतल्या त्या दोघांना

नवरा गेला, वर दुकानाचं कर्ज. गेल्या श्रावणात गोव्यातल्या मंगेशीच्या देवळात मी देवाशी भांडायला गेले होते. हो, भांडायलाच. बाहेर फुलं विकणाऱ्या आजींनी काहीच विचारलं नाही. पेजेचा डबा माझ्या हातात दिला, वर खारातल्या आंब्याची फोड. शेजारचे काका म्हणाले, "बाय, हा देवसुद्धा इथला न्हय. मूळचा कुठ्ठाळीचा." पोर्तुगीज अमलात, १५६० मध्ये, भक्तांनी लिंग जुवारी नदीपलीकडून इथं आणलं, हे लहानपणापासून ऐकलेलं, पण घर सुटलेला देव मला त्या दिवशी पहिल्यांदा दिसला. भांडण तिथंच राहिलं. कर्ज अजून आहे, पण आता सकाळी दिवा लावताना हात थरथरत नाही. काका, आजी, मनापासून आभार. नावं विचारायची राहिली. आणि आजी, डबा माझ्याकडेच आहे.