चिनी लेखकांसाठी दोनच शिक्के?

मा. संपादक,
स.न.वि.वि.

आजच्या चिनी लेखक-कलावंतांची ओळख करून देणारी तुमच्या पुरवणीतली मालिका पहिल्या भागापासून वाचतो आहे. नोकरी मुद्रितशोधकाची झाली, त्यामुळे हातात पेन घेऊनच वाचायची खोड आहे. सीमावाद आणि व्यापार सोडून चीनबद्दल काही छापता, याबद्दल आधी आभार. तक्रार एवढीच की तुमच्या लेखकांकडे शिक्के दोनच आहेत, ‘सरकारी’ आणि ‘बंडखोर’. पहिल्याच परिच्छेदात एक मारला की काम झालं.

कादंबरीकार मो यान यांच्यावर शिक्का ‘सरकारी’. ते चिनी लेखक संघाचे उपाध्यक्ष होते, साहित्य-कला राजकारणाच्या सेवेत हवी असं सांगणाऱ्या माओंच्या येनानमधल्या भाषणाचा उतारा त्यांनी स्वहस्ते लिहून दिला होता आणि २०१२ साली नोबेल मिळालं तेव्हा त्यावरून गदारोळ झाला, हे सगळं खरं. पण २०२४ मध्ये चीनमधल्याच एका राष्ट्रवादी ब्लॉगरनं, मो यान यांच्या लेखनातून हुतात्म्यांची बदनामी होते म्हणत त्यांना कोर्टात खेचायची खटपट केली. भरपाई किती, तर दीड अब्ज युआन, दर चिनी माणसामागे एक! एवढा मासलेवाईक प्रसंग लेखातून गळावा याचं नवल वाटलं.

लेखिका फांग फांग यांचं उलट. त्या ‘बंडखोर’ ठरल्या, कारण करोनाच्या टाळेबंदीतल्या वुहानमधून त्यांनी रोजनिशी लिहिली. शहर २३ जानेवारी २०२०ला बंद झालं, २५ तारखेपासून त्या लिहू लागल्या आणि मार्चअखेरपर्यंत साठ नोंदी झाल्या. इंटरनेटवरून नोंद काढून टाकली जायची, लोक ती पुन्हा चढवायचे. पण या बाई हुबेई प्रांताच्या लेखक संघाच्या माजी अध्यक्षा आहेत, म्हणजे व्यवस्थेतच वाढलेल्या, हे तुमच्या लेखात एका ओळीतही नाही. रोजनिशीतला सर्वांत वादग्रस्त तपशीलही नाही. एका डॉक्टर मित्रानं पाठवलेल्या छायाचित्राबद्दल त्यांनी लिहिलं होतं: दहनगृहाच्या फरशीवर मोबाइलांचा ढीग, मालक कुणीच उरले नाहीत. टीकाकारांनी तेवढंच धरून ठेवलं, ‘दाखवा ते छायाचित्र’. पुढे परदेशात अनुवाद निघणार असं कळल्यावर त्यांना देशद्रोही ठरवलं गेलं. त्यांच्यावर तुटून पडले ते सामान्य वाचकही होते, नुसते अधिकारी नव्हेत. ही गोष्ट मला तरी जास्त अस्वस्थ करते.

कलावंत आय वेईवेईंवरच्या लेखात २०११ मधली ८१ दिवसांची सरकारी कोठडी सविस्तर आली आहे. ती यायलाच हवी. सिचुआन प्रांतातल्या २००८च्या भूकंपात शाळा कोसळून गेलेल्या पाच हजारांहून अधिक मुलांची नावं त्यांनी स्वयंसेवकांच्या मदतीनं गोळा केली, हेही आलं. पण त्यांची कला कुठे आहे? २०१० साली लंडनच्या टेट मॉडर्न या कलासंग्रहालयात त्यांनी सूर्यफुलाच्या दहा कोटी बिया पसरल्या होत्या, सगळ्या चिनी मातीच्या. जिंगदेझेन या कुंभारकामाच्या जुन्या गावात सुमारे सोळाशे माणसं दोन वर्षांहून अधिक काळ त्यावर राबली. बी घडवायची, भाजायची, हातानं काळे पट्टे ओढायचे, पुन्हा भट्टीत घालायची. प्रेक्षकांनी त्यांवरून चालावं अशी योजना होती, पण पायांखाली माती घासून धूळ उडायला लागली आणि काही दिवसांतच चालणं बंद करावं लागलं. वाचकाला हे सांगितलं असतं तर कोठडीतला माणूस कोण होता ते तरी कळलं असतं.

पत्रकारांपैकी अजून कुणी आलेलं नाही. हू शुली यांना घ्याच. १९९८ मध्ये त्यांनी ‘छायजिंग’ हे अर्थविषयक नियतकालिक सुरू केलं, २००३ मध्ये सार्सच्या साथीवर धीटपणे लिहिलं, २००९ मध्ये मालकांशी बिनसल्यावर राजीनामा देऊन ‘छायशिन’ हे नवं वृत्तमाध्यम काढलं. संपादकीय विभागातले पुष्कळ जण त्यांच्यामागून बाहेर पडले. सरकारच्या मर्यादेत राहून पत्रकारिता कुठवर रेटता येते याचा त्या चालता-बोलता धडा आहेत. २०२१ मध्ये, ज्यांच्या बातम्या इतरांना उचलता येतात अशा माध्यमांच्या सरकारी यादीतून ‘छायशिन’ वगळलं गेलं, तेही लिहा.

आणि एखादा भाग प्रसिद्धीबाहेरच्या माणसावर होऊ द्या. फान युसू मूळच्या हुबेईच्या, बीजिंगमध्ये दुसऱ्यांची मुलं सांभाळणाऱ्या. पिछुन वस्तीतल्या कामगारांच्या साहित्यवर्गात जायच्या. एप्रिल २०१७ मध्ये स्वतःबद्दल लिहिलेला त्यांचा एक लेख वीचॅट या चिनी समाजमाध्यमावर लाखोंनी वाचला आणि पिछुनला पत्रकारांची रीघ लागली.

शेवटी माझ्या धंद्यातलं. चिनी नावात आडनाव आधी येतं. त्यामुळे ‘वेईवेई म्हणाले’, ‘शुली यांनी’ हे चूक आहे. आय म्हणाले, हू यांनी, असं हवं. मो यान आणि फांग फांग ही मात्र टोपणनावं आहेत, ती तोडू नयेत. मालिकेचं पुस्तक निघणार असेल तर प्रुफं जाण्याआधी एवढं बदलून घ्यावं.

आपला,
एक निवृत्त मुद्रितशोधक