दाढ न काढल्याबद्दल

डॉक्टर,

सादर नमस्कार.

‘ही दाढ काढून टाका, मग काय व्हायचं ते होऊ दे’ असं म्हणत आलेल्या माणसाची दाढ तुम्ही काढली नाहीत. हे पत्र त्यासाठी. लिहिणारे आम्ही म्हणजे ट्रायजेमिनल न्यूराल्जिया, म्हणजे चेहऱ्याच्या संवेदनेच्या नसेचं झटक्यांचं दुखणं, असलेली माणसं आणि त्यांच्या घरचे. पत्र उघडं ठेवलंय, कारण त्या अर्ध्या तासात तुम्ही काय केलंत आणि ते का बरोबर होतं, हे आणखी कुणाच्या दाढेच्या वेळी उपयोगी पडावं.

आधी तुम्ही नुसतं पाहिलंत. दाढ दुखणारा माणूस गाल तळहातात धरून येतो, दाबतो, दाबल्यावर त्याला जरा बरं वाटतं. इथे बोट गालापासून चांगलं दोन इंच लांब ठेवून ‘इथं’ असं दाखवलं जात होतं. ओठ अर्धेच हलत होते. तोंडात पाहिलं तर एका बाजूचे दात स्वच्छ आणि दुसऱ्या बाजूला किटण चढलेलं, कारण त्या बाजूला ब्रश लावायची हिंमतच होत नव्हती. अस्वच्छतेबद्दल तुम्ही एक अक्षर बोलला नाहीत. उलट त्या किटणाचा अर्थ लावलात, हे आमच्या मनात राहिलंय.

मग विचारलंत, “ठणकतं की चमकतं?”

मराठीत या दोन क्रियापदांत अर्धं निदान आहे. ठणकते ती बहुधा दाढ. दाताच्या आतल्या गाभ्याला सूज आली की नाडीच्या ठोक्याबरोबर ठणका लागतो. गार पाणी लागल्यावर कळ उठते आणि पाणी गिळून झालं तरी रेंगाळते, आडवं झालं की वाढते, झोपमोड करते. चमकते ती नस. विजेचा झटका बसावा तशी कळ येते, सेकंदाच्या काही भागापासून फार तर दोन मिनिटं टिकते आणि बटण बंद केल्यासारखी जाते. झटके लागोपाठही येतात, पण एका जोरदार झटक्यानंतर काही क्षण नस गप्प असते. त्या वेळात तीच जागा शिवली तरी काही होत नाही. दुखणं जवळजवळ नेहमी एकाच बाजूचं, आणि झोपेतून ते क्वचितच उठवतं. त्याला निमित्त लागतं ते अगदी क्षुल्लक: वाऱ्याची झुळूक, तोंडावर मारलेलं पाणी, पहिला घास, दाढीचं ब्लेड, ‘प’ किंवा ‘ब’ म्हणताना जुळलेले ओठ.

एवढं ऐकूनही तुम्ही दाताला मोकळं सोडलं नाहीत, हेही सांगायला हवं. एकेका दातावर टकटक केलीत, गार लावून पाहिलंत, हिरडीची खोली मोजलीत, एक्स-रे काढलात. तडकलेल्या दाताचा संशय राहू नये म्हणून एकेका दाताखाली काडी धरून चावायला लावलंत, कारण तडकलेला दात बहुतेक वेळा चावताना नव्हे, चावा सोडताना कळ देतो. जबड्याचा सांधा कानापुढे दाबून पाहिलात. सगळं कोरं निघालं. शेवटी कापसाचा एक धागा ओढून काढलात आणि नाकपुडीच्या कडेला, गालाची घडी सुरू होते तिथे, अलगद टेकवलात. कळ उठली ती दोन इंच खाली, दाढेत. स्पर्श एकीकडे आणि दुखणं दुसरीकडे, हे या आजाराचं खास लक्षण. नाकपुडीची कड, वरचा ओठ, हिरडी, हनुवटी या नेहमीच्या कळ उठवणाऱ्या जागा. कापूस एकदाच टेकवलात, पुन्हा नाही. ‘खात्री करून घेऊ’ म्हणून तीच जागा तीनदा शिवणं म्हणजे काय, हे ज्याला हे दुखणं आहे त्यालाच कळतं.

त्यानंतरचा तुमचा निर्णय आम्हाला सगळ्यांत मोलाचा वाटतो. ‘भूल देऊन बघा, दुखायचं थांबलं तर हीच दाढ’ असा आग्रह समोरून झाला आणि तुम्ही तो मानला नाहीत. कारण इथेच फसगत होते. सुईने हिरडी बधिर झाली की कळ उठवणारी जागाही बधिर होते. झटका थांबतो, आणि निर्दोष दाढ दोषी ठरते. दुसरी फसगत याहून मोठी आहे. हे दुखणं अधूनमधून आपोआप थांबतं, कधी काही आठवडे, कधी महिने, कधी वर्षं. दाढ काढली आणि योगायोगाने त्याच सुमारास ते थांबलं तर सगळ्यांची खात्री पटते की दाढच होती. ते परत आलं की शेजारची दाढ जाते, मग तिच्या शेजारची. मधे रूट कॅनालही होतात. अशी ओळीने रिकामी झालेली हिरडी आमच्यातल्या अनेकांच्या तोंडात आहे. गेलेल्या दाताच्या खळग्यातही झटका तसाच येतो, कारण बिघाड दातात नव्हताच.

तो कुठे आहे, हे तुम्ही कागदावर काढून दाखवलंत. चेहऱ्याच्या दोन नसांची लोक गल्लत करतात. सातवी नस चेहरा हलवते, ती बिघडली की तोंड वाकडं होतं. संवेदना नेते ती पाचवी, ट्रायजेमिनल. तिच्या तीन फांद्या: कपाळ-डोळ्याची, गाल-वरच्या जबड्याची आणि खालच्या जबड्याची. दुखणं बहुतेक वेळा खालच्या दोन फांद्यांत असतं, म्हणून तर माणूस आधी दाताच्या डॉक्टरांकडे येतो. नस मेंदूच्या देठात शिरते तिथे बऱ्याच रुग्णांत एखादी रोहिणी, बहुधा लहान मेंदूची वरची रोहिणी, तिला टेकलेली असते. ठोक्यागणिक घासून नसेचं वेष्टण झिजतं. वायरचं प्लॅस्टिक सोलवटलं की दोन तारा एकमेकींना लागतात तसं होतं, आणि स्पर्शाचा निरोप कळेच्या तारेत उतरतो. गालाला वारा लागला तर वेदना का व्हावी, याचं उत्तर इथे मिळतं. ‘मनाचे खेळ आहेत’ हे ऐकून कंटाळलेल्या माणसाला त्या वेड्यावाकड्या चित्राने किती धीर आला, हे तुम्हाला कळावं म्हणून लिहितोय.

न्यूरॉलॉजिस्टना दिलेली तुमची चिठ्ठी चारच ओळींची होती: कोणती फांदी, झटका किती सेकंद, कशाने उठतो, आणि दाताचं कारण तपासून वगळलं आहे. त्या चौथ्या ओळीमुळे पुन्हा दातांच्या फेऱ्या झाल्या नाहीत. शिवाय तोंडी बजावलंत की चेहऱ्याला बधिरपणा आला, त्या कानाने कमी ऐकू येऊ लागलं, दोन्ही बाजूंना दुखू लागलं, किंवा रुग्ण चाळिशीच्या आतला असला, तर मल्टिपल स्क्लेरॉसिस (मेंदू आणि मज्जारज्जूतल्या नसांचं वेष्टण झिजवणारा आजार) किंवा गाठ शोधायलाच हवी. पन्नाशीपुढे कानशिलं दुखतात, चावताना जबडा भरून येतो, नजर अंधुक होते, तर तो रोहिणीच्या सुजेचा आजार असू शकतो. त्यात त्याच दिवशी दवाखाना गाठायचा, नाहीतर दृष्टी जाते. एमआरआय प्रत्येकाचा एकदा तरी व्हावा, तोही पाचव्या नसेचे बारीक काप दाखवणारा. साध्या एमआरआयवर ‘नॉर्मल’ आलं म्हणजे रोहिणी टेकलेली नाही, असं नव्हे.

गोळ्यांबद्दल तुम्ही सांगितलेलं जवळजवळ सगळं खरं ठरलं. पॅरासिटामॉल आणि आयबुप्रोफेन इथे निरुपयोगी. झटका गोळी विरघळायच्या आत येऊन जातो, आणि कळ सुजेची नसतेच. पहिलं औषध कार्बामाझेपिन, १९६२ सालापासून या दुखण्यावर वापरात असलेलं. साधारणपणे १०० मिलिग्रॅम दिवसातून दोनदा अशी सुरुवात, मग डॉक्टर दर दोन-तीन दिवसांनी थोडं थोडं वाढवत नेतात. बहुतेकांना दिवसाला ६०० ते ८०० पुरतं, सहसा १२०० च्या वर जात नाहीत. ते सोसलं नाही तर ऑक्सकार्बाझेपिन.

लोक कुठे चुकतात? एक, घाईने डोस वाढवतात. मग झोक जातो, एकाचे दोन दिसतात, आणि औषधच नको म्हणतात. दोन, चौथ्या आठवड्यात घाबरतात. यकृत हे औषध मोडायला शिकतं आणि तीन ते पाच आठवड्यांत तोच डोस कमी पडू लागतो. औषध फसलेलं नसतं, डोस पुन्हा बसवायचा असतो. तीन, चावता येत नाही म्हणून हळूहळू विरघळणारी गोळी कुटून घेतात, आणि सगळा डोस एकदम अंगावर येतो. गिळता येत नसेल तर पातळ औषध मागायचं. चार, बरं वाटलं की एका दिवसात बंद करतात. ते टप्प्याटप्प्यानेच उतरवायचं.

सुरू करण्याआधी रक्तपेशी, यकृत आणि सोडियम तपासायचं, सोडियम पुढच्या काही आठवड्यांतही. ते १३५ च्या खाली घसरू लागलं की मळमळ, डोकेदुखी, गोंधळल्यासारखं होणं सुरू होतं, आणि वयस्कर माणसाच्या बाबतीत घरचे म्हणतात, ‘वय झालं’. रक्तदाबासाठी लघवीची गोळी चालू असेल तर हा धोका जास्त. अंगावर पुरळ, तोंडात फोड, ताप यांतलं काहीही दिसलं, विशेषतः पहिल्या दोन महिन्यांत, तर पुढची गोळी न घेता लगेच डॉक्टरांकडे. ही त्वचेची प्रतिक्रिया जिवावर बेतू शकते. आशियाई वंशाच्या लोकांमध्ये एचएलए-बी १५०२ ही जनुकीय चाचणी औषधाआधी करतात ती यासाठीच. गर्भनिरोधक गोळ्या आणि रक्त पातळ करणारी वॉरफरिन यांचा असरही कार्बामाझेपिनने कमी होतो.

तुमच्या हातातली एक गोष्ट तुम्ही आवर्जून सांभाळलीत. हिरडीच्या संसर्गावर अँटिबायोटिक लिहिताना तुम्ही कार्बामाझेपिन चालू आहे का ते विचारलंत आणि क्लॅरिथ्रोमायसिन टाळलंत. क्लॅरिथ्रोमायसिन आणि एरिथ्रोमायसिन यांमुळे कार्बामाझेपिन शरीरात साठत जातं, दोन दिवसांत माणूस झोकांड्या खाऊ लागतो. हे विचारणारे सगळेच भेटत नाहीत.

शस्त्रक्रिया हा तुमचा प्रांत नव्हता, तरी ‘घाबरू नका, गोळ्या संपल्या म्हणजे वाट संपली असं नाही’ एवढं सांगितलंत. १९६० च्या दशकात अमेरिकन न्यूरोसर्जन पीटर जॅनेटा यांनी पुढे आणलेल्या पद्धतीत कानामागे दोन-तीन सेंटिमीटरचं भोक पाडतात, सूक्ष्मदर्शकाखाली रोहिणी नसेवरून अलगद उचलतात आणि मधे पिंजलेल्या कापसासारखा टेफ्लॉनचा तुकडा ठेवतात. नस कापत नाहीत, म्हणून चेहऱ्याची संवेदना बहुधा शाबूत राहते. मोठ्या पाहण्यांत साधारण ७० टक्के रुग्ण दहा वर्षांनीही वेदनामुक्त आढळले. त्या बाजूचा कान कमी ऐकू येणं, मेंदूभोवतीचं पाणी झिरपणं हे थोड्यांना होणारे, पण खरे धोके. ज्यांना एवढी भूल झेपत नाही त्यांच्यासाठी गालातून सुई घालून नस तापवणं, ग्लिसरॉल सोडणं किंवा फुग्याने दाबणं आहे, आणि गॅमा नाइफचे किरण. सुईच्या उपायांचा गुण लगेच येतो, पण गाल थोडाफार बधिर होतो. किरणांचा गुण यायला आठवडे, कधी महिने जातात. हे सगळं आधी माहीत असलेला माणूस न्यूरोसर्जनसमोर नीट प्रश्न विचारतो.

घरी रोज उपयोगी पडतं ते तुम्ही शिकवलेलंच. सगळ्यांत मऊ ब्रश, लहान डोक्याचा. पाणी कोमट. सकाळी उठल्याउठल्या नाही, गोळीचा अंमल चढल्यावर घासायचं, आणि दुखऱ्या बाजूला आतून सुरुवात करून कळ उठवणारी जागा शेवटी. अगदीच जमलं नाही त्या दिवशी क्लोरहेक्सिडीनने चूळ. बाहेर पडताना गालावर कापड सैल, गालाला घासेल इतकं घट्ट नाही. वहीत चारच रकाने: वेळ, किती सेकंद, कशाने, त्या दिवशीचा डोस. महिन्याची वही समोर ठेवली की डोस वाढवायचा की नाही, हे दोन मिनिटांत ठरतं. घरच्यांना तुम्ही वेगळं बसवून सांगितलंत की जेवायला बोलावल्यावर माणूस नको म्हणाला तर तो रुसलेला नसतो, पहिल्या घासाला भ्यालेला असतो. आणि जगणं नकोसं झाल्याची भाषा आली तर ती हसण्यावारी न नेता त्याच दिवशी डॉक्टरांपर्यंत पोचवायची. त्या वाक्यासाठी घरच्यांचे आभार वेगळे.

दाढ अजून जागेवर आहे. किटण काढायचं राहिलंय. दुखणं शांत आहे तोवर, गोळी न चुकवता, लांब टिकणारी भूल देऊन एकाच बैठकीत करू, असं तुम्ही म्हणाला होतात. चालू गोळ्यांची यादी, सोडियमचा ताजा रिपोर्ट आणि वही घेऊन येतो.

आपले,
तुमच्याकडून दाढ शाबूत घेऊन गेलेले रुग्ण आणि त्यांच्या घरचे