तोडणीची बातमी छापता, तर कंपनीच्या अटीही छापा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

कालच्या अंकात वीजतोडणी मोहिमेची बातमी पान भरून आली आहे. किती थकबाकी, किती पथकं, कोणत्या पेठेत किती जोडण्या तोडल्या, सगळं आहे. बिल भरायलाच हवं, त्यावर माझं काही म्हणणं नाही. पण वीजजोडणी हा दोघांमधला करार असतो. ग्राहक अर्जावर सही करतो, अनामत भरतो. कंपनी परवाना घेते आणि परवान्याबरोबर कायद्याची बंधनंही घेते. कंपनीनं स्वतःच्या अटी पाळल्या का, हे आपल्या प्रतिनिधीनं एका शब्दानंही विचारलेलं दिसत नाही, म्हणून हे पत्र.

पूर्व भागात आमचा टॉवेलचा छोटा कारखाना आहे. गेल्या पावसाळ्यात मीटर बंद पडलं. आकडेच दिसेनात. लेखी अर्ज दिला, पोच घेतली. मीटर बदलायला कोणी फिरकलं नाही, बिल मात्र दर महिन्याला सरासरीनं येत राहिलं. सरासरी कुठली, तर मालाला उठाव होता आणि दोन पाळ्या चालायच्या त्या वर्षाची. इकडे सुताचा भाव चढलेला, माल पडून, निम्मे माग कापड टाकून झाकून ठेवलेले. दिवाळी उलटल्यावर नवं मीटर बसलं आणि पुढच्याच बिलात ‘मागील फरक’ म्हणून भली मोठी रक्कम आली. कुठल्या महिन्याचा फरक, कोणत्या हिशेबानं, काही लिहिलेलं नाही. विचारायला गेलो तर काउंटरवरचा मुलगा म्हणतो, “काका, सिस्टिमनं काढलंय. आधी भरा, मग अर्ज करा.”

महाराष्ट्र वीज नियामक आयोगाची 2021 ची पुरवठा संहिता काय सांगते ते आपण छापावं. मीटर बंद पडलं तर आधीच्या 12 महिन्यांच्या सरासरीनं आकारणी करता येते, पण ती जास्तीत जास्त 3 महिन्यांची. माझ्याकडून त्याहून कितीतरी जास्त काळाची आकारणी झाली आणि वर हा फरक. विद्युत कायदा 2003 मधलं कलम 55 तर योग्य मीटरशिवाय वीज पुरवूच नका म्हणतं. मीटर बसवायचं काम कंपनीचं. ते तिनं केलं नाही, त्याचे पैसे मी का भरायचे?

मी लेखी हरकत घेतली. त्याचं उत्तर आलं नाही, वायरमन आला. भर पाळीत. नोटीस दाखवा म्हटलं तर म्हणाला, “मालक, वरून यादी आलीय, आम्ही काय करणार?” त्याच्यावर माझा राग नाही, तोही हुकमाचा ताबेदार. पण शिडी लागली, खांबावरून वायर सुटली आणि माग होते तिथे उभे राहिले. आडवा धागा नेणारा धोटा कापडाच्या अर्ध्या पन्ह्यात अडकलेला, बीमवरचे उभे धागे तसेच ताणलेले. असा माग पुन्हा चालू केला की विणीत आडवी रेघ उमटते. तेवढे नग सगळे सेकंडमध्ये, म्हणजे दुय्यम मालात गेले. आमच्या कामगारांना मजुरी नगावर मिळते आणि सुताच्या कांड्या भरणाऱ्या बायांनाही कामाप्रमाणे. त्या दिवशी त्या तासभर अंधारात बसून राहिल्या, मग डबे उचलून घरी गेल्या. त्यांच्या बुडालेल्या मजुरीचा रकाना कुठल्या बिलात असतो?

कलम 56 प्रमाणे वीज तोडण्याआधी 15 पूर्ण दिवसांची लेखी नोटीस द्यावी लागते. त्याच कलमात पुढे असंही आहे की बिलाबद्दल वाद असेल, तर मागितलेली रक्कम किंवा मागच्या 6 महिन्यांच्या सरासरीनं होणारी रक्कम, यातली जी कमी असेल ती हरकत नोंदवून भरली की वादाचा निकाल लागेपर्यंत वीज तोडता येत नाही. हे मी कार्यालयात सांगितलं तेव्हा साहेबांनी वर बघितलंसुद्धा नाही. शेवटी कारखाना बंद ठेवणं परवडत नाही म्हणून सगळी रक्कम हरकतीसह भरली आणि वीज जोडून घेतली. दाद मागायला तक्रार निवारण मंच आहे, त्याच्यावर मुंबईत विद्युत लोकपाल आहे, मला ठाऊक आहे. मी तिथे जाणारही आहे. पण चार माग चालवणाऱ्यानं माग सोडून कागद घेऊन हिंडायचं, अशी कायदा करणाऱ्यांची इच्छा नसावी.

आमच्याकडून एक दिवस उशीर झाला की सव्वा टक्का विलंब आकार लागतो, कुणाला अर्ज करावा लागत नाही. 2021 नंतर अनामतही दोन महिन्यांच्या सरासरी बिलाएवढी झाली, त्याच्या नोटिसा बरोबर घरपोच आल्या. कंपनीनं सेवेत कसूर केली तर ग्राहकाला भरपाई द्यायची, हे कलम 57 मध्ये आहे. अशी कसूर यंत्रणेवरून दुरूनच तपासता येते तिथं भरपाई आपोआप द्यावी, असं केंद्राच्या 2020 च्या ग्राहक हक्क नियमांत आहे. माझ्या बिलावर अशी वजावट मी आजवर पाहिलेली नाही. आपल्या वाचकांपैकी कुणी पाहिली असेल तर त्यांनी जरूर लिहावं. सोलापुरात पाणी रोज येत नाही. नेमकी पाण्याच्या वेळेला वीज गेली की मोटार बंद आणि पाण्याची पुढची पाळी येईपर्यंत घर कोरडं. त्याची भरपाई मागायला जायचं हे तर कुणाच्या डोक्यातच येत नाही.

जाता जाता नळाच्या गॅसबद्दलही लिहितो, कारण तिथेही हेच चाललं आहे. आमच्या नगरात अनामत घेऊन स्वयंपाकघराच्या खिडकीपाशी मीटरची पेटी लावून गेले. गॅस नाही. रस्ता खणला तो मुरूम टाकून बुजवला आणि पहिल्या पावसात खचला. पेट्रोलियम व नैसर्गिक वायू नियामक मंडळ ज्या कंपनीला एखादा भाग देतं, तिला तिथल्या पाइपलाइन जाळ्याचा 25 वर्षांचा एकाधिकार मिळतो. त्या बदल्यात किती घरांना जोडणी देणार, याचं वर्षवार उद्दिष्ट ती लिहून देते. उद्दिष्ट चुकलं तर मंडळ तिला दंड करतं. तो दंड मंडळाकडे जमा होतो. ज्यानं अनामत भरली, त्याला त्यातलं काही मिळत नाही आणि दुसऱ्या कंपनीकडे जायची सोयही नाही.

आपल्या प्रतिनिधींना विनंती आहे की पुढच्या तोडणी मोहिमेच्या बातमीसाठी अधिकाऱ्यांना भेटाल तेव्हा दोन प्रश्न विचारा. तोडलेल्या जोडण्यांपैकी किती जणांना 15 दिवसांची नोटीस दिली होती, आणि या वर्षात किती ग्राहकांना भरपाई दिली. गॅसवाल्यांना आमच्या नगरात गॅस कधी सोडणार ती तारीख विचारा, आणि ती आपल्याच पानावर छापा.

आपला,
एक यंत्रमागधारक
पूर्व भाग, सोलापूर