नव्या क्वार्टरबॅकला ऑगस्टमध्ये खेळवा की!

मा. संपादक,
स.न.वि.वि.

तुमच्या क्रीडा पानावर मध्यंतरी अमेरिकन फुटबॉलवर चार ओळी आल्या त्याबद्दल आधी थँक्स, पण प्रीसीझन मॅचेस (सीझनआधीच्या, निकाल न मोजल्या जाणाऱ्या सराव मॅचेस) म्हणजे नुसता टाइमपास, मेन खेळाडूंना तिथे उतरवायचंच कशाला, हा जो सूर होता तो काही पटला नाही. मी मिनेसोटात राहतो, इथल्या व्हायकिंग्ज टीमचा फॅन आहे, त्यामुळे या विषयात आम्ही पुरेसं भोगलंय.

2024 च्या ऑगस्टमध्ये आमचा रुकी (पहिल्याच वर्षाचा) क्वार्टरबॅक, म्हणजे टीमची चाल चालवणारा आणि पास टाकणारा मेन खेळाडू, जे. जे. मॅकार्थी रेडर्सविरुद्ध पहिल्याच प्रीसीझन मॅचला मस्त खेळला, दोन टचडाउन पास (ज्यांवर थेट गुण मिळतात) टाकले, इकडे सगळे हवेत, आणि दोन-चार दिवसांत बातमी की गुडघ्याचा मेनिस्कस फाटलाय, ऑपरेशन, अख्खा सीझन गेला. (त्याच्या जागी आलेल्या सॅम डार्नल्डने 14 मॅचेस जिंकून दिल्या म्हणून निभावलं.) 2025 ला टीम मॅकार्थीच्या हातात आली तर कोच केव्हिन ओकॉनेल ताकही फुंकून प्यायला लागले, टेक्सन्सविरुद्ध प्रीसीझनमध्ये एकच सिरीज (बॉल आपल्याकडे असतानाची एक पाळी) खेळवली आणि मग थेट बाकावर. पेट्रियट्स टीमबरोबर ईगनला, आमच्या प्रॅक्टिसच्या मैदानावर, जॉइंट प्रॅक्टिस झाली, तेवढं पुरे.

मग सप्टेंबरात शिकागोला बेअर्सविरुद्ध पहिली खरी मॅच. तीन क्वार्टर संपले तेव्हा त्यांचे 17 आणि आमचे 6, त्यात मॅकार्थीचा एक पास त्यांनी मधेच पकडून थेट टचडाउनला नेलेला. शेवटच्या क्वार्टरला पोरगं पेटलं, 27-24 जिंकलो, आणि लगेच सगळे सुरू, बघा, कुठे नडलं प्रीसीझन? अहो पण आधीचे तीन क्वार्टर काय होते? जो गंज ऑगस्टमध्ये फुकटात झडला असता तो आपण मोजल्या जाणाऱ्या मॅचमध्ये झाडत बसलो, तेही दुसऱ्याच्या ग्राउंडवर.

प्रॅक्टिसमध्ये सगळं शिकता येतं म्हणणाऱ्यांनी एकदा प्रॅक्टिस बघावी. क्वार्टरबॅकच्या अंगात बहुतेक ठिकाणी लाल जर्सी, म्हणजे याला हात लावायचा नाही, डिफेंडर जवळ आला की शिट्टी. मॅचमध्ये काय होतं, तर हेल्मेटमधला कोचचा आवाज प्ले क्लॉकवर (पुढची चाल सुरू करायची वेळ मोजणारं घड्याळ) 15 सेकंद उरले की कट, मग एकट्याने समोरचा डिफेन्स वाचायचा, गरज पडली तर तिथल्या तिथे प्ले (ठरलेली चाल) बदलायचा, स्नॅप घ्यायचा (म्हणजे चाल सुरू करणारा बॉल हातात घ्यायचा) आणि अडीच-तीन सेकंदांत बॉल सोडायचा, नाहीतर सव्वाशे किलोचा माणूस छातीवर. कसोटी मालिकेआधी आपल्या नव्या ओपनरला सराव सामन्यात पाणी द्यायला ठेवलं तर आपण केवढा कल्ला करू!

ग्रीन बेचा जॉर्डन लव घ्या. तीन वर्षं आधीचा क्वार्टरबॅक ॲरन रॉजर्सच्या मागे बाकावर बसलेला, 2023 ला स्टार्टर झाला, तर त्यांनी त्याला प्रीसीझनच्या तिन्ही मॅचेसमध्ये थोडं थोडं उतरवलं आणि सीझनच्या पहिल्याच खऱ्या मॅचला त्याने बेअर्सना 38-20 धुतलं (आमच्या शत्रूचं कौतुक करतोय, घरी कळलं तर खैर नाही). उलट क्वार्टरबॅक मॅथ्यू स्टॅफर्ड 2021 ला रॅम्सकडे नवा आला, प्रीसीझनमध्ये एकही स्नॅप नाही आणि त्याच सीझनला सुपर बोल, म्हणजे लीगची फायनल, जिंकला. पण त्याच्या मागे डेट्रॉइटच्या टीमकडून खेळलेली 12 वर्षं होती हो! टीम नवी असणं वेगळं आणि कामच नवं असणं वेगळं, आणि तुमच्या त्या चार ओळींत हाच घोळ झालाय.

दुखापतीची भीती खोटी नाहीये. 1999 ला रॅम्सचा नवाकोरा स्टार्टर ट्रेंट ग्रीन प्रीसीझनमध्येच गुडघा घालवून बसला (त्याच्या जागी आलेल्या कर्ट वॉर्नरचं नशीब तिथून उघडलं), 2016 ला डॅलसचा क्वार्टरबॅक टोनी रोमो सिॲटलला प्रीसीझनमध्ये तिसऱ्याच प्लेला पाठ मोडून घेऊन गेला. पण त्याच 2016 ला आमचा तेव्हाचा क्वार्टरबॅक टेडी ब्रिजवॉटर याचा गुडघा प्रॅक्टिसमध्ये गेला, कोणी हातसुद्धा न लावता. जपून जपून माणूस किती जपणार?

माझं म्हणणं एवढंच की पहिल्या मॅचला दोन-तीन सिरीज, दुसऱ्या मॅचला पूर्ण पहिला हाफ, तिसरीला सुट्टी. अट एकच, पुढे ऑफेन्सिव्ह लाइन (क्वार्टरबॅकला वाचवणारी समोरची भिंत) पहिल्या फळीची हवी, रिझर्व्हवाल्यांच्या मागे त्याला उभं करणं म्हणजे कसायाकडे देणं. मान्य, 2025 ला आमचा लेफ्ट टॅकल, म्हणजे त्या भिंतीची डावी बाजू सांभाळणारा, डॅरिसॉ गुडघ्यातून सावरत होता, ओकॉनेलना धाकधूक असणारच. मग लांब पास बंद ठेवा, हँडऑफ द्या (बॉल धावणाऱ्याच्या हातात), झटपट छोटे पास द्या, पण हडल (चालीआधी सगळे जमून ठरवतात तो घोळका) त्याला चालवू द्या, क्लॉकशी त्याला झगडू द्या.

आणि पुढच्या ऑगस्टला तुम्ही या मॅचेसची बातमी दिलीत तर स्कोअर नाही छापला तरी चालेल, नवा क्वार्टरबॅक किती स्नॅप खेळला तेवढं छापा.

आपला,
एक वाचक, मिनियापोलिस