लातूरच्या दादांना, गाणं चालू आहे का विचारलंत म्हणून

दादा, नमस्कार.

फोनवर आभार मानायला लागले की तुम्ही "अहो ताई, त्यात काय एवढं" म्हणून विषय बदलता, पैशाचं नाव काढलं तर फोन ठेवायची भाषा करता, म्हणून शेवटी हे उघडं पत्र लिहायला बसले. तुमचं नाव यात कुठेच घातलेलं नाही, तुम्हीच तसं बजावलं होतंत. पण तुम्ही माझ्यासाठी जे केलंत ते चार लोकांनी वाचावं असं मला मनापासून वाटतं, कारण घरी बसून विंडोजऐवजी लिनक्सवर काम करणारं माझ्यासारखं अजून कुणीतरी असेलच आणि त्याचाही स्क्रीन असाच गोठत असेल.

बाकीच्यांसाठी आधी थोडं सांगते. मी कराडला राहते, घरीच मराठी टायपिंग आणि पानं लावायचं काम करते. मजकूर लिब्रेऑफिसमध्ये, पानं स्क्रायबसमध्ये, मग पीडीएफ करून प्रेसला. मशीन असेंबल केलेलं, चौथ्या पिढीचा आय थ्री, आठ जीबी रॅम, एक साधं ग्राफिक्स कार्ड, आणि त्यावर लिनक्स मिंट २१.३. दसरा ते दिवाळी हा आमचा सुगीचा काळ, दोन दिवाळी अंक हातात होते, एक कवितांचा आणि एक कथांचा. २०२४ ला घटस्थापना ३ ऑक्टोबरला होती आणि नेमकं त्याच आठवड्यात मशीन गोठायला लागलं. दिवसातून एकदा, मग दोनदा, मग कधीही. टाइप करता करता अक्षर उमटायचं थांबायचं, माउसचा बाण जिथल्या तिथे, काही केल्या हलायचं नाही. मी बटण दाबून धरायची, बंद करायची, परत चालू करायची. एकदा त्यात एका आजोबांच्या हस्तलिखितावरून टाइप केलेल्या अकरा कविता गेल्या, फाइल उघडायलाच तयार नाही. त्या रात्री मला झोप लागली नाही. इथल्या एका दुकानात विचारलं तर म्हणाले फॉरमॅट मारू, दुसरं काहीतरी टाकू, तीन दिवस लागतील. तीन दिवस माझ्याकडे नव्हते.

नणंदेने तुमचा नंबर दिला, म्हणाली आमच्या शाळेची लॅब हेच सांभाळतात, विचारून तर बघ. मी फोन केला तेव्हा रात्रीचे दहा वाजून गेलेले, मशीन समोर गोठलेलंच होतं, कोपऱ्यातलं घड्याळ ९:४७ वर अडकलेलं. मी घाईघाईने सगळं सांगत सुटले आणि तुम्ही मधेच विचारलंत, "ताई, मागे भीमसेनजींचे अभंग ऐकू येतायत, ते कशावर लावलेत?"

मी म्हणाले, याच कॉम्प्युटरवर.

"मग गाणं चालू आहे ना. म्हणजे मशीन मेलेलं नाही, नुसती त्याची वाचा बसलीय."

दादा, हे वाक्य मी वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवलंय. कारण तोपर्यंत मला "हँग झालं" हा एकच शब्द माहीत होता, आणि हँग म्हणजे सगळंच संपलं असं वाटायचं. तुम्ही दाखवलंत की आधी बघायचं काय काय थांबलंय आणि काय चालू आहे. कॅप्स लॉक दाबा, दिवा लागतोय का? लागला. मग आतला कर्नल, म्हणजे लिनक्सचा गाभा, अजून कीबोर्डचं ऐकतोय. डिस्कचा लाल दिवा सारखा जळतोय का? नाही. सारखा जळत असता तर रॅम संपून सगळं डिस्कवर ढकलणं चाललंय असा संशय घ्यायचा. कंट्रोल अल्ट एस्केप दाबा, त्याने सिनॅमन, म्हणजे मिंटचा डेस्कटॉप, तेवढा परत सुरू होतो. काही झालं नाही. कंट्रोल अल्ट एफ ३ दाबा, काळा पडदा येऊन लॉगिन विचारतंय का? नाही, चित्र तसंच. तिथे तुम्ही थोडा वेळ गप्प होतात आणि मग म्हणालात की तो काळा पडदासुद्धा त्याच कार्डातून येतो, तोही येत नाही म्हणजे गडबड डेस्कटॉपच्या खालच्या मजल्यावर आहे.

आणि मग बटण दाबून न धरता बंद कसं करायचं ते शिकवलंत. अल्ट आणि प्रिंट स्क्रीन दाबून धरायचं, त्याच बटणावर खाली बारीक अक्षरात सिस-आर-क्यू लिहिलेलं असतं हे मी इतक्या वर्षांत कधी पाहिलंच नव्हतं, आणि मग सावकाश एकेक करून एस, यू, बी. एस म्हणजे जे लिहायचं राहिलंय ते डिस्कवर लिहून घे, यू म्हणजे डिस्क आता फक्त वाचण्यापुरती ठेव, बी म्हणजे रीबूट. लोक सहा अक्षरं सांगतात पण उबुंटू आणि मिंटमध्ये या बटणाची सेटिंग १७६ वर असते आणि त्या सहांपैकी ही तीनच चालतात, हेही तुम्हीच सांगितलंत. शिवाय लिब्रेऑफिसचं आपोआप सेव्ह होणं दोन मिनिटांवर आणून ठेवायला लावलंत. त्यानंतर माझी एकही ओळ गेली नाही, एकही.

तुमची फोनवरून कमांड सांगायची पद्धत मला फार आवडली. "जे जळगावचा, ओ उस्मानाबादचा, यू उरणचा, आर रत्नागिरीचा…" असं करत करत अख्खी जर्नल-सीटीएल लिहून घेतलीत माझ्याकडून. मी वहीत मराठीतच लिहायची, सुडो, जागा, जर्नल-सीटीएल, जागा, मायनस बी, जागा, मायनस एक, जागा, मायनस के. मायनस एक म्हणजे आत्ताच्या नाही, मागच्या वेळी मशीन चालू होतं तेव्हाची नोंद, आणि के म्हणजे फक्त कर्नलची. गोठलेलं मशीन काही सांगू शकत नाही पण परत चालू झाल्यावर आधीच्या वेळी काय झालं ते त्याच्या डायरीत सापडतं, हे कळल्यावर मला खरंच धीर आला. दुसऱ्या दिवशी तुम्ही माझ्या फोनवर टर्मक्स, म्हणजे कमांड लिहायचं अ‍ॅप, टाकायला लावलंत, मशीनवर ओपन एसएसएच सर्व्हर, म्हणजे दुसरीकडून आत यायचं दार, घातलात, आणि पुढच्या वेळी स्क्रीन गोठला तेव्हा मी मोबाइलवरून मशीनच्या आत होते! स्क्रीन दगडासारखा आणि फोनवर मात्र माझ्याच मशीनच्या ओळी भराभरा येतायत, तो क्षण मी विसरणार नाही.

एक गोष्ट इथे मुद्दाम लिहिते. तुमचा पहिला संशय रॅमवर होता. मला रात्रभर मेमटेस्ट लावून ठेवायला सांगितलंत, सकाळी उठून पाहिलं तर चार फेऱ्या पूर्ण आणि एरर शून्य. मी कळवलं तर तुम्ही लगेच म्हणालात, "माझा अंदाज चुकला ताई, तुमची रात्र गेली, सॉरी." इतकं सरळ कुणी म्हणत नाही हो. आणि माझ्या मते रात्र वाया गेलीच नाही, रॅम चांगली आहे हे तरी पक्कं कळलं, ते वहीत लिहिलं आणि पुढे गेलो.

मग मोबाइलवरून सुडो डी-मेसेज, म्हणजे कर्नलचे निरोप दाखवणारी कमांड, केलं त्यात ती लाल ओळ सापडली. नूवो, मग फिफो, मग कसलातरी फॉल्ट, आणि शेवटी चॅनल किल्ड. मी अक्षर न अक्षर वाचून दाखवलं. तुम्ही समजावलंत की नूवो हा कार्डचा खुला ड्रायव्हर, कार्डच्या आतली माहिती हातात नसताना लोकांनी कार्ड कसं वागतं ते बघून बघून लिहिलेला, त्यामुळे त्याला नावं ठेवायची नाहीत, पण या कार्डाबरोबर तो अडखळतोय एवढं दिसतंय. लगेच ड्रायव्हर बदलू नका म्हणालात, आधी अंक संपवा. त्यासाठी मशीन चालू होताना ग्रबच्या, म्हणजे लिनक्स सुरू करून देणाऱ्या प्रोग्रामच्या, यादीत ई दाबून लिनक्सच्या ओळीच्या शेवटी नोमोडसेट लिहायला लावलंत, त्याने कार्डचा ड्रायव्हर न वापरता साधंच चित्र येतं, आणि एफ १० दाबून पुढे. स्क्रीनवर सगळं मोठं मोठं आणि जरा फाटकं दिसायला लागलं, पान सरकवलं की हळूहळू सरकायचं, पण गोठलं नाही. त्या अवस्थेत मी कवितांचा अंक पूर्ण केला, दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी प्रेसला गेला. घरच्यांना पेढे आणले त्यात एक तुमच्या वाटणीचा देवापुढे ठेवला होता, हे तुम्हाला आज सांगतेय.

मग ड्रायव्हर मॅनेजरमधून कार्डच्या कंपनीचा, एनव्हिडियाचा, ४७० नंबरचा ड्रायव्हर घातला, या पिढीच्या कार्डांसाठी तोच शेवटचा, त्याच्या पुढचे चालत नाहीत. आठ दिवस छान गेले. मला वाटलं सुटलो. आणि नवव्या दिवशी स्क्रीन एकदम काळा, अभंग मात्र चालूच. मी रडकुंडीला आले होते पण हात आपोआप मोबाइलकडे गेला, टर्मक्स, डी-मेसेज, आणि एक ओळ, एक्सआयडी ७९, जीपीयू बसवरून पडलं. जीपीयू म्हणजे कार्डवरची ग्राफिक्सची चिप आणि बस म्हणजे बोर्ड आणि कार्ड यांच्यामधला रस्ता, असं तुम्ही सांगितलंत. आता भांडण ड्रायव्हरचं राहिलं नव्हतं, मशीनला ते कार्डच दिसेनासं झालं होतं. उष्णता असेल, वीज कमी पडत असेल, नाहीतर खाचेत नीट बसलेलं नसेल.

तुम्ही व्हिडिओ कॉलवर, मी जमिनीवर वर्तमानपत्र पसरून, पिन काढून, भिंतीच्या पाइपला हात लावून मग कॅबिनेट उघडलं. कार्डच्या पट्ट्यांमध्ये धुळीची अक्षरशः नमदा बसली होती. मुलाच्या रंगाच्या ब्रशने ती काढली, मग तुम्ही म्हणालात खोडरबर आहे का घरात. कार्डच्या खालच्या सोनेरी दातांवरून पांढरा खोडरबर हलक्या हाताने फिरवला तर रबर काळा झाला आणि दात चकाकायला लागले. परत बसवलं, टक् आवाज येईपर्यंत दाबलं, स्क्रू घट्ट केला.

चार दिवसांनी परत काळा स्क्रीन.

आणि तेव्हा तुम्ही जो प्रश्न विचारलात तो खरं तर कुणीही पहिल्याच दिवशी विचारायला हवा होता असं तुम्हीच म्हणालात, पण मला तसं वाटत नाही, इतकं सगळं बघून झाल्यावरच तो विचारता येतो. "ताई, तुम्ही गेम खेळता? व्हिडिओ एडिट करता?" नाही. "मग या कार्डची तुम्हाला गरज काय?" आय थ्रीच्या आतच ग्राफिक्स आहे, बोर्डच्या मागे मॉनिटरची जागा आहे, मला कुणी कधी सांगितलंच नव्हतं. मशीन घेतानाच कार्ड लागतं म्हणून बसवून दिलेलं, मी पैसे दिले आणि विसरले. तुम्ही आधी तो ४७० काढून टाकायला लावलात, मग मशीन बंद, पिन बाहेर, कार्ड बाहेर, मॉनिटरची वायर बोर्डच्या जागेत. चालू केलं. ड्रायव्हर वेगळा काही घालावाच लागला नाही, इंटेलचा तो कर्नलमध्येच असतो. रॅममधला थोडा भाग ग्राफिक्स घेतं तेवढंच, माझ्या कामाला त्याने काही फरक पडत नाही.

अकरा संध्याकाळी दादा. मी वहीत तारखा टाकल्यात म्हणून मोजता आल्या. त्यातल्या एका संध्याकाळी तुमच्या मागे तुमची लेक "बाबा जेवायला" म्हणून हाका मारत होती आणि तुम्ही तिला "आलो, ताईंची एवढी एक ओळ वाचून होऊ दे" म्हणालात. त्या पोरीची मी माफी मागते. तिच्यासाठी कथांच्या अंकाबरोबर चकल्या आणि एक चित्रांची वही पाठवलीय, नणंद शाळेत आणून देईल, ते पार्सल तरी परत पाठवू नका. कार्ड मी टाकलेलं नाही, बबल रॅपमध्ये गुंडाळून ठेवलंय, तुमच्या लॅबमध्ये मुलांना हातात घेऊन बघायला उपयोगी पडत असेल तर तेही त्याच पिशवीत घालते.

आणि ते अकरा कवितांचे आजोबा. त्यांच्याकडे मी परत गेले होते, झालं ते सांगितलं, त्यांनी हस्तलिखित परत दिलं, मी परत टाइप केलं, अंकात पान ३८ पासून आहेत. ते अंक हातात घेऊन दोनदा पानं उलटून बघत होते. मी त्यांना तुमच्याबद्दल सांगितलं तेव्हा म्हणाले, त्या मुलाला माझाही नमस्कार कळवा. तो कळवते.

तुमची,
कराडची ताई

ता. क. आज सकाळी सवयीने परत जर्नल-सीटीएल बघितलं, मायनस बी मायनस एक मायनस के, सगळ्या ओळी नीट वाचल्या. एकही लाल नाही. अभंग चालू आहेत, घड्याळही चालू आहे.