आई-बाबा, नागपूरचं रद्द केलं आहे

तीर्थस्वरूप आई-बाबांस साष्टांग नमस्कार.

बाबा, निर्णय आधीच सांगून टाकते, नाहीतर पत्र अर्धं वाचूनच तुम्ही दादाला हाक माराल. नागपूरच्या मोठ्या दवाखान्यातली वेळ मी रद्द करायला सांगितली. आईच्या हिपॅटायटिस सीच्या, म्हणजे लिव्हरला लागलेल्या त्या विषाणूच्या इलाजासाठी तिचं नाव आपल्या जिल्ह्याच्या सरकारी दवाखान्यात नोंदवलं आहे. सगळे रिपोर्ट तिथल्या डॉक्टरांनी पाहिले, माझं त्यांच्याशी फोनवर सविस्तर बोलणं झालं, आणि सोमवारपासून गोळ्या सुरू. तुम्ही बैलजोडीला गिऱ्हाईक पाहून ठेवलंत हे वहिनीनं सांगितलं. परवा पोळ्याला ज्यांची शिंगं रंगवली, त्यांना दावणीलाच राहू द्या. या दुखण्यापायी काहीही विकायचं नाही.

"तीन रिपोर्ट अन् फुकटच्या गोळ्या, याला का इलाज म्हणते?" असं तुम्ही दादाला म्हणालात. तुमचं चुकत नाही, बाबा. तुम्ही मोठ्या बाबांचं पाहिलं आहे. ती पोटात सुई घालून लिव्हरचा तुकडा काढणं, वर्षभर इंटरफेरॉनची इंजेक्शनं, प्रत्येक इंजेक्शनानंतर थंडी वाजून ताप, रक्त कमी झालेलं, घरात कोणाशी न बोलता भिंतीकडे तोंड करून बसणं. नाल्याकडचं वावर गेलं ते गेलंच. एवढं सोसूनही तेव्हा जवळपास निम्मेच लोक बरे व्हायचे. म्हणून तुम्हाला वाटतं, आजार तोच तर इलाजही तसाच भारी पाहिजे.

पण इलाज बदलला, बाबा. डिसेंबर २०१३ मध्ये अमेरिकेत सोफोसबुविर नावाच्या गोळीला मंजुरी मिळाली. तेव्हा तिथं बारा आठवड्यांच्या गोळ्यांची किंमत ८४,००० डॉलर होती. आता आपल्याच देशातल्या कंपन्या ती बनवतात, आणि २८ जुलै २०१८ पासून केंद्र सरकारच्या हिपॅटायटिसच्या कार्यक्रमात तपासणी आणि गोळ्या दोन्ही मोफत आहेत. आईला सोफोसबुविर ४०० आणि डॅक्लाटासविर ६० मिलिग्रॅम ही दोन्ही औषधं एकाच गोळीत मिळतील. दिवसातून एकदाच घ्यायची, बारा आठवडे. शंभरातले पंचाण्णवच्या आसपास लोक पूर्ण बरे होतात. पंजाबात २०१६ पासून जिल्ह्याजिल्ह्याच्या सरकारी दवाखान्यांत हाच इलाज साध्या पद्धतीनं दिला गेला, आणि तिथले कास्तकार तुमच्या-माझ्यासारखेच आहेत.

तपासण्या कमी का झाल्या तेही सांगते, म्हणजे कोणी काही गाळलं असं तुमच्या मनात राहणार नाही. पूर्वी विषाणूचा प्रकार पाहावा लागे, कारण प्रकारानुसार औषधाची मुदत बदलायची. या गोळ्या सगळ्या प्रकारांवर चालतात, मग ती महागडी तपासणी कशाला? पूर्वी दर काही आठवड्यांनी रक्तातले विषाणू मोजायचे, कारण इंजेक्शन लागू पडत नसेल तर बंद करावं लागे. आता गोळ्या संपल्यावर बारा आठवड्यांनी एकदाच मोजायचे. आणि लिव्हर किती खराब झालं हे कळायला सुई नको. वय, एएसटी आणि एएलटी ही लिव्हरची दोन एन्झाइमं आणि रक्तातल्या प्लेटलेट, एवढ्यावरून एक आकडा निघतो, त्याला फिब-४ म्हणतात. तो ३.२५ च्या वर गेला की लिव्हर आकसल्याचा संशय घेतात आणि मग नागपूरच बरं. आईचं वय ६१, एएसटी ६२, एएलटी ७०, प्लेटलेट एक लाख नव्वद हजार. मी स्वतः कागदावर मांडून पाहिलं, २.३८ येतो. सोनोग्राफीत पोटात पाणी नाही, प्लिहा वाढलेली नाही. हे आकडे वाईट आले असते तर मी बैल काय, माझे दागिनेसुद्धा ठेवले नसते, बाबा.

तरी मला चैन पडत नाही, आणि ते औषधाचं नाही. आईला इकडे पुण्याला आणलं नाही म्हणून. मी खूप विचार केला. इथं आम्ही दोघं सकाळी बाहेर पडतो ते अंधार पडल्यावरच येतो. ती तिसऱ्या मजल्यावर दार लावून एकटी बसेल. तिथं तिला अंगण आहे, तुळस आहे, वहिनी आहे, संध्याकाळी ओट्यावर येऊन बसणाऱ्या बाया आहेत. दवाखाना एसटीनं तासाभरावर. महिन्याला एक बाटली, तिच्यात २८ गोळ्या, अशा तीन बाटल्या. ती नेण्याआणण्याचं दादानं कबूल केलं आहे. महालक्ष्म्यांना मी येतेच आहे, पुढेही येत राहीन. लोक म्हणतील पोरगी पुण्याला अन् माय सरकारी दवाखान्यात. म्हणू द्या. पण तुम्हा दोघांना तसं वाटू नये, एवढंच मला पाहिजे.

आई, आता तुझ्याशी बोलते. तू ताट अन् पेला वेगळा केला म्हणे. छोटीला जवळ घेत नाहीस. यंदा महालक्ष्म्यांचा स्वयंपाक वहिनीनं करावा, तुझ्या हातचं नैवेद्याला नको, असं म्हणालीस. आई गं, असं नको ना करू. हा आजार रक्तातून जातो. जेवणातून नाही, पाण्यातून नाही, मांडीवर घेतल्यानं नाही, मुका घेतल्यानं नाही. वावरातून आलीस की ओच्यातली बोरं अर्धी चावून गोड आहेत का पाहायचीस अन् मग आम्हाला द्यायचीस. त्यातून कोणाला काही झालं नाही. आमची तिघांची तपासणी झाली, तिघंही चांगले आहोत. आंबील तुझ्याच हातची होईल, पुरणही तूच वाटशील. विळीनं बोट कापलं तर धुऊन पट्टी बांधायची, एवढंच.

हे तुला कुठून झालं याचा विचार करत रात्र-रात्र जागू नकोस. डॉक्टरांना वाटतं लहान्याच्या वेळी, १९८७ साली, रक्त चढवलं त्यातून आलं असावं. या विषाणूचा शोधच १९८९ साली लागला, त्याबद्दल २०२० चं नोबेल मिळालं. तेव्हा बाटलीतलं रक्त तपासायचं तरी कशानं? ज्यानं रक्त दिलं त्यालाही ठाऊक नसेल. त्या रक्तानंच तू आम्हाला मिळालीस, आई.

आता दोघंही नीट ऐका. गोळी रोज ठरल्या वेळी, सकाळच्या चहाबरोबर. रिकाम्या पोटी चालते, जेवून चालते. मंगळवारी हरतालिका आहे, निर्जळ करायची नाही, घोटभर पाण्यानं गोळी घ्यायचीच. एखाद्या दिवशी राहिली तर दुसऱ्या दिवशी दोन घ्यायच्या नाहीत. डोकं दुखेल, थकवा वाटेल, थोडं मळमळेल, पण त्यापायी मनानं बंद करायची नाही, दवाखान्यात फोन करायचा. तुझ्या बीपीच्या अन् साखरेच्या गोळ्या डॉक्टरांना दाखवल्या, त्या चालतात. मात्र फिटची, टीबीची किंवा हृदयाच्या ठोक्यांची नवी गोळी कोणीही लिहून दिली तर आधी सरकारी दवाखान्यातल्या डॉक्टरांना विचारायचं, काहींचं या औषधाशी जमत नाही. हिपॅटायटिस बी आहे का तेही तपासलं, कारण या गोळ्यांनी तो दबलेला असला तर उसळतो. तुला नाही. लिव्हर सुधारायला लागलं की साखर एकदम खाली येऊ शकते, म्हणून वहिनीनं मशीनवर पाहत राहावं. घाम सुटला, हात थरथरले, तर आधी साखर खायची, मग मला फोन.

बाबा, कावीळ उतरवणाऱ्याकडे न्यायचं नाही. त्याचा काढा नको, घरचा गुळवेलीचा काढाही या तीन महिन्यांत नको. गावातल्या त्या डॉक्टरकडून साध्या तापालाही इंजेक्शन घ्यायचं नाही. वापरलेल्या सुईतून बरं झालेल्यालाही हा आजार पुन्हा होऊ शकतो आणि त्याची लस नाही.

दिवाळी होऊन कापसाची वेचणी चालू असेल तेव्हा गोळ्या संपतील. महाशिवरात्रीच्या सुमारास शेवटची तपासणी. त्यात विषाणू दिसला नाही की आई बरी झाली, तेवढंच पाहायचं असतं. तो रिपोर्ट प्लास्टिकच्या पिशवीत घालून कपाटात ठेवा, कारण साधी अँटिबॉडीची, म्हणजे विषाणू कधीतरी अंगात येऊन गेल्याची खूण पाहणारी तपासणी पुढेही पॉझिटिव्हच येत राहील, आणि मोतीबिंदूच्या शिबिरात परत आईला रांगेतून बाहेर काढतील. तो कागद दाखवायचा. मोतीबिंदूचं ऑपरेशनही उन्हाळ्याआधी करूनच टाकू.

एक राहिलं. बाबा, तुमचं रक्त अजून तपासलेलं नाही. सोमवारी आईसोबत तुम्हीही जाणार आहात, दादाला तसं सांगून ठेवलं आहे. तूर निंदायची आहे वगैरे सांगू नका, एका दिवसानं तूर कुठं जात नाही. आईचा डबा वहिनी देईल, तुम्ही दोघं मिळून खा, एकाच डब्यातून.

तुमची,
बाई