मोठ्या दातापेक्षा छोटे दात अधिक बोलके

महोदय,

गेल्या रविवारच्या पुरवणीतला मेगॅलोडॉन या नामशेष महाकाय शार्कवरचा लेख वाचला. तळहात झाकणारा दात, बसएवढा मासा, जबड्यात उभा राहिलेला माणूस, सगळे त्यात आले. चित्रात तो डायनासोरांच्या शेजारीही पोहताना दिसला. डायनासोर संपल्यावर चार कोटींहून अधिक वर्षांनी हा शार्क अवतरला, पण ते असो. माझी तक्रार वेगळी आहे. प्राचीन उष्ण समुद्रांची खरी माहिती ज्या दातांनी दिली, ते छोटे असल्यामुळे लेखात आलेच नाहीत.

पनामातले ‘गातून’ नावाचे खडकांचे थर घ्या. सुमारे एक कोटी वर्षांपूर्वी तेथे उथळ, उबदार समुद्र होता. या थरांत मेगॅलोडॉनचे दात मिळतात, पण बहुतेक छोटे. जीवाश्मशास्त्रज्ञ कॅटालिना पिमिएन्तो आणि सहकाऱ्यांनी अशा २८ दातांवरचा अभ्यास २०१० मध्ये प्रसिद्ध केला. आता छोटा दात पिल्लाचाच असेल असे नाही. थोराड शार्कच्याही जबड्याच्या कोपऱ्यातले दात छोटेच असतात. म्हणून दात जबड्यात कुठे बसत असेल ते त्याच्या घडणीवरून आधी ठरवले आणि मग माशाची लांबी काढली. ती २ ते साडेदहा मीटर भरली. म्हणजे बहुतेक पिल्ले आणि अर्धवट वाढलेले शार्क. खायला मासे मुबलक आणि मोठ्या शिकाऱ्यांपासून आडोसा, असे हे मेगॅलोडॉनचे पाळणाघर होते, असा निष्कर्ष त्यांनी मांडला.

पाणी किती उबदार होते, हेही दात सांगतो. दातावरच्या चकाकत्या थरातल्या फॉस्फेटमध्ये ऑक्सिजन इतका घट्ट बांधलेला असतो की तो सहसा कोट्यवधी वर्षे बदलत नाही. पाणी जितके उबदार, तितका दातात ऑक्सिजन-१८ हा ऑक्सिजनचा जड प्रकार कमी. गंमत अशी की या कामाला मेगॅलोडॉन कुचकामी! त्याचे शरीर भोवतालच्या पाण्यापेक्षा सुमारे ७ अंश सेल्सिअस गरम असावे, असे २०२३ मधल्या एका अभ्यासात दिसले. त्याचा दात त्याच्याच अंगातली ऊब नोंदवतो. समुद्राचे तापमान हवे असेल तर ज्याचे अंग पाण्याइतकेच गार राहते, असा एखादा साधा मासा गाठावा लागतो.

आपल्याकडेही अशी उदाहरणे आहेत. जैसलमेरच्या ज्युरासिक खडकांतून ‘स्ट्रोफोडस जैसलमेरेन्सिस’ या शार्कचे दात २०२१ मध्ये नोंदवले गेले. हे दात सुळ्यासारखे नाहीत, शिंपले फोडायला सोयीचे, चपटे आहेत. आजच्या वाळवंटातल्या त्या समुद्राच्या तळाशी काय खायला मिळत होते, याचा अंदाज त्यावरून येतो.

लेखाखालच्या चौकटीत मेगॅलोडॉनचा दात ऑनलाइन कितीला मिळतो ते ठळक छापले आहे. तो कुठल्या खडकाच्या कुठल्या थरातून निघाला, हे विक्रेत्याने सांगितले नसेल तर वर लिहिलेल्यातले जवळजवळ काहीच त्या दाताला विचारता येत नाही. पुढच्या वेळी किमतीच्या जागी दाताचा ठावठिकाणा छापावा, ही विनंती.

आपला नम्र,
भूशास्त्राचा एक निवृत्त प्राध्यापक, नागपूर